‘कंटॅमिनेशन’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि मराठीतील त्याचे उपयोजन

परभाषेतील शब्दास प्रतिशब्द योजताना कोशात एखादा पर्याय सापडला म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळदा आढळतो. ‘कंटॅमिनेशन’ हा इंग्रजी शब्द या समजाची चांगली परीक्षा पाहणारा आहे. इंग्रजीत तो कापसाच्या गाठीविषयी, विहिरीच्या पाण्याविषयी, अन्नाविषयी, किरणोत्सारी द्रव्याविषयी आणि हस्तलिखितातील पाठाविषयीही वापरला जातो. मराठीत मात्र त्याच्या समोर एक शब्द उभा राहत नाही. भेसळ, विटाळ, बाट, लागण, संसर्ग, दूषण, प्रदूषण, संदूषण अशी एक शब्दपंक्तीच उभी राहते. हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकामागे दोष कोठून आला, कोणी आणला आणि तो निघण्याजोगा आहे किंवा नाही, यांविषयी एक गृहीत दडलेले असते. चुकीचा शब्द योजला तर केवळ भाषेची हानी होत नाही; निरपराध माणसावर आरोपही होतो. कापसाच्या व्यवहारात हे विशेष स्पष्टपणे दिसत असल्यामुळे, पाचोऱ्यासारख्या खानदेशातील कापूसबाजाराचा आधार घेऊन या शब्दाच्या अर्थकक्षेचा विचार येथे केला आहे.

१. मूळ अर्थ : स्पर्श

‘कंटॅमिनेशन’ हा शब्द लॅटिन ‘कॉन्तामिनारे’ या क्रियापदावरून आला आहे. त्याच्या मुळाशी ‘तांगेरे’ म्हणजे ‘स्पर्श करणे’ हा धातू आहे. याच धातूपासून संपर्कवाचक ‘कॉन्टॅक्ट’, रोगसंसर्गवाचक ‘कॉन्टेजन’ आणि भूमितीतील ‘टँजंट’ हे शब्द निघाले. यांपैकी शेवटच्यास मराठीत ‘स्पर्शिका’ म्हणतात, ते व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही यथार्थ आहे. पूर्णांकास इंग्रजीत जो ‘इंटिजर’ शब्द आहे, तोही याच कुळातील होय. ज्याला स्पर्श झालेला नाही, म्हणून जे अखंड राहिले, ते ‘इंटिजर’. तेव्हा ‘कंटॅमिनेशन’ म्हणजे मूलतः अशी स्थिती की, एका वस्तूस दुसरीचा स्पर्श झाला आणि त्यामुळे पहिलीची अखंडता भंगली. स्पर्श कोणी घडविला, हेतुतः घडविला की नकळत, याविषयी शब्दाचे मूळ मौन बाळगते.

लॅटिनमध्येच या शब्दास आरोपाची छटा मात्र लवकर चढली. इ. स. पू. १६६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘आंद्रिया’ या सुखात्मिकेच्या प्रास्ताविकात टेरेन्स या नाटककाराने आपल्यावरील एका आक्षेपास उत्तर दिले आहे. दोन ग्रीक नाटकांतील सामग्री एकत्र करून त्याने एक लॅटिन नाटक रचले, आणि अशा रीतीने नाटके ‘कंटॅमिनेट’ करणे उचित नव्हे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. पुढील काळातील अभ्यासकांनी हाच निंदाव्यंजक शब्द दोन नाटकांच्या मिश्रणाची पारिभाषिक संज्ञा म्हणून स्वीकारला. निंदेचा शब्द वर्णनाचा कसा होतो, याचे हे जुने उदाहरण आहे. मराठीतील प्रश्न याच्या उलट दिशेचा आहे : वर्णनासाठी योजलेला शब्द येथे निंदेकडे झुकतो.

२. मराठी शब्दकुल आणि त्यांची क्रियापदे

या शब्दांतील भेद पाहण्याचा सुलभ मार्ग म्हणजे त्यांची क्रियापदे तपासणे हा होय. भेसळ ‘करतात’, विटाळ ‘होतो’ किंवा ‘मानतात’, लागण ‘होते’, दूषण ‘देतात’, माणूस ‘बाटतो’ किंवा ‘बाटविला जातो’. ‘भेसळ झाली’ असा प्रयोग होतो हे खरे. परंतु तो कानी पडताच ‘ती केली कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. म्हणजे भेसळीस कर्ता लागतो, आणि त्या कर्त्याचा हेतू लाभाचा असतो. दुधात पाणी घालणारा भेसळ करतो; दुधात माशी पडली तर तीस कोणी भेसळ म्हणत नाही.

‘लागण’ हा शब्द ‘लागणे’ या क्रियापदावरून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘चिकटणे’ हा अर्थ आहे. ‘तांगेरे’शी त्याचे नाते अर्थदृष्ट्या जवळचे आहे. परंतु मराठीने तो सजीवापुरता राखून ठेवला. माणसास, गुरास वा पिकास लागण होते. रुईच्या गाठीस होत नाही. ‘संसर्ग’ हा शब्द अधिक तटस्थ आहे. आयुर्वेदात दोन दोषांच्या एकत्र कोपास ‘संसर्ग’ व तिन्हींच्या कोपास ‘सन्निपात’ म्हणतात. तेथे संसर्ग म्हणजे केवळ दोहोंचा योग होय.

‘दूषण’ या शब्दाविषयी सावध राहणे आवश्यक आहे. जुन्या मराठीपासून ‘दूषण देणे’ म्हणजे ‘दोष देणे, निंदा करणे’ असा अर्थ रूढ आहे. ‘प्रदूषण’ शब्द त्याच धातूपासून सिद्ध झाला. राज्यात १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९७० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि १९७४ चा केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम यांमुळे तो प्रशासनाच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत स्थिर झाला. परंतु पर्यावरणशास्त्रात ‘पोल्यूशन’ आणि ‘कंटॅमिनेशन’ यांत भेद करतात. एखादे द्रव्य जेथे नसावे तेथे, अथवा नैसर्गिक प्रमाणाहून अधिक असणे, हे ‘कंटॅमिनेशन’. त्यामुळे जीवसृष्टीस अपाय होणे, हे ‘पोल्यूशन’. प्रत्येक प्रदूषणात पहिले असतेच. परंतु पहिल्याचे पर्यवसान दुसऱ्यात होतेच असे नाही. दोहोंसाठी ‘प्रदूषण’ हाच शब्द योजल्यास हा भेद पुसला जातो.

शेवटी ‘विटाळ’. हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या व्याकरणात अपभ्रंशातील शब्द नोंदविताना ‘विट्टाल’ हा शब्द ‘अस्पृश्यसंसर्ग’ या अर्थी दिला आहे. म्हणजे मराठी ‘विटाळ’ हाही अर्थाने ‘कंटॅमिनेशन’प्रमाणेच स्पर्शाचाच शब्द ठरतो. किंबहुना केवळ मूळ अर्थाचे साम्य पाहिले, तर सर्व मराठी शब्दांत हाच त्यास सर्वांत जवळचा होय. तथापि तो प्रतिशब्द म्हणून सर्वस्वी त्याज्य का ठरतो, हे पाण्याच्या उदाहरणात पुढे स्पष्ट होईल.

३. पाचोऱ्याचा कापूस : त्रयस्थ द्रव्याचा प्रश्न

पाचोरा हे जळगाव जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या पूर्व खानदेशातील, तालुक्याचे गाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे. जामनेरकडे जाणारी अरुंद मापाची शाखा दीर्घकाळ येथूनच सुटत असे. काळी जमीन, लोहमार्ग आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांच्या योगाने अशा गावांत कापसाचा व्यवहार वाढला. या व्यवहाराची स्वतःची शब्दसंपत्ती आहे. झाडावरून वेचला जातो तो कापूस. जिनात सरकी वेगळी केल्यावर उरते ती रुई. रुई दाबून बांधतात ती गाठ. किडीने वा पावसाने खराब झालेल्या, नीट न उमललेल्या बोंडातील कापसास ‘कवडी’ म्हणतात. वाळलेल्या पानांचा चुरा व बोंडाच्या टरफलाचे तुकडे यांस सामान्यतः ‘कचरा’ म्हणतात.

येथे पहिला महत्त्वाचा भेद दिसतो. कवडी आणि पानांचा कचरा हे कपाशीच्या झाडाचेच अंश आहेत. इंग्रजीत त्या कचऱ्यास ‘ट्रॅश’ म्हणतात आणि तो जिनातील व गिरणीतील यंत्रांनी पुष्कळसा काढता येतो. व्यापारी परिभाषेत ‘कंटॅमिनेशन’चा रोख मुख्यतः झाडाबाहेरून आलेल्या द्रव्याकडे असतो. आंतरराष्ट्रीय वस्त्रोत्पादक महासंघाकडून होणाऱ्या पाहणीत अशा द्रव्यांचे सोळा प्रकार मानले आहेत. विणलेले प्लॅस्टिक, प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, ताग आणि सूत यांची कापडे व दोऱ्या मिळून आठ. पाने, पिसे, कागद, चामडे इत्यादी सेंद्रिय द्रव्यांचा एक. वाळू-धूळ, गंज व धातूची तार असे तीन. आणि वंगण, रबर, शिक्क्याचा रंग व डांबर असे चार. या यादीतही सीमारेषा सर्वत्र काटेकोर नाही, कारण पाने तीत येतातच. परंतु तिचा एकंदर भर परक्या द्रव्यावर आहे, हे उघड आहे.

ही द्रव्ये कापसात येतात कशी? कापूस वेचणीचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. वेचताना डोक्यावरचा केस गळून झोळीत पडतो. सुती झोळीऐवजी खताची रिकामी प्लॅस्टिकची गोणी वापरली, तर तिच्या कडेचे धागे निसटून कापसात मिसळतात. गोणीचे तोंड प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधले, तर सोडताना तिचे तुकडे पडतात. बाजाराच्या आवारात वा जिनाच्या ओट्यावर पडलेली तंबाखूची पुडी, विडीचे थोटूक, कोंबडीचे पीस हेही ढिगात जाते. यांतील एकाही कृतीत कोणाचा लाभ नाही. खताची गोणी घरात आयती असते आणि सुती झोळी शिवून घ्यावी लागते, एवढेच त्यामागचे अर्थकारण आहे.

परिणाम मात्र फार दूर जाऊन प्रकट होतो. प्लॅस्टिकच्या गोणीचा धागा पिंजणाच्या यंत्रात बारीक तंतूंत विभागला जातो व सुतात विणला जातो. तो पांढराच असल्यामुळे कोऱ्या कापडात डोळ्यांस दिसत नाही. कापड रंगविल्यावर कापसाचा तंतू रंग घेतो, पॉलिप्रॉपिलीनचा घेत नाही. आणि मग रंगीत कापडावर पांढरे ठिपके उमटतात. शेतात एका हातून निसटलेला दोरा रंगशाळेत उघडकीस येतो, तोवर त्याचा माग काढणे दुरापास्त झालेले असते. स्पर्श एके ठिकाणी, दोष दुसऱ्या ठिकाणी आणि नुकसान तिसऱ्याचे, असे या घटनेचे स्वरूप आहे.

याच्या उलट कापसातील भेसळीचा इतिहासही जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) हिंदुस्थानी कापसास अकस्मात मागणी आली, तेव्हा वजन वाढविण्यासाठी कापसात पाणी, माती व सरकी मिसळण्याचे प्रकार चव्हाट्यावर आले आणि मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कापसातील लबाडीस आळा घालणारा कायदा झाला. पुढे १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने हलक्या जातीचा कापूस चांगल्या जातीच्या प्रदेशात आणून मिसळण्यावर निर्बंध घालण्याची तरतूद केली, आणि १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्याने गाठींवर खूण व क्रमांक घालणे आवश्यक केले. हे सर्व कायदे हेतुपुरस्सर मिश्रणाविरुद्ध होते. त्यांची भाषा भेसळीची आहे आणि ती यथार्थ आहे.

प्रश्न उपस्थित होतो तो ही जुनी भाषा नव्या घटनेस लावल्यामुळे. पाण्याचेच उदाहरण घेता येईल. पहाटे दवात वेचलेला कापूस ओला असतो. हा ओलावा होय. सरकारी हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के आर्द्रता पायाभूत मानून त्यावरील ओलाव्यासाठी वजावट करतात आणि १२ टक्क्यांपुढे कापूस स्वीकारीत नाहीत. म्हणजे हा मोजण्याचा विषय आहे, आरोपाचा नव्हे. वजन वाढावे म्हणून ढिगावर पाणी मारले, तर ती भेसळ होय. आणि जिनाच्या यंत्रातील वंगणमिश्रित पाणी रुईवर ठिबकले, तर ते ‘कंटॅमिनेशन’ होय. पाणी तिन्ही ठिकाणी आहे. भेद आहे तो उगमाचा आणि हेतूचा. तिन्हींस ‘भेसळ’ म्हणणारा सूचनाफलक दव पडलेल्या रात्रीचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारतो, आणि कारखान्यातील वंगणाचाही.

शब्दाचा परिणाम उपायावरही होतो. भेसळीवर उपाय म्हणजे तपासणी व दंड. ‘कंटॅमिनेशन’वर उपाय म्हणजे सुती झोळी, केसांवर बांधावयाचा सुती रुमाल, फरसबंद ओटे आणि झाकलेली वाहने. २००० साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या कापूस तंत्रज्ञान अभियानात बाजार-आवारांची सुधारणा व जिनिंग-प्रेसिंगचे आधुनिकीकरण यांसाठी दोन स्वतंत्र उपअभियाने होती, ती याच विचाराने. ज्या दोषास दंड लागू नाही, त्यास दंडाचे नाव देऊ नये.

४. कायद्याची व्याख्या

अन्नाच्या कायद्यात हाच बदल स्पष्ट दिसतो. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंध अधिनियम नावापासूनच भेसळीचा होता. त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमात भेसळकारक द्रव्य आणि ‘कंटॅमिनंट’ यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या आहेत. दुसऱ्या व्याख्येचा आशय असा की, द्रव्य कोणी घातलेले असो वा नसो, शेती, प्रक्रिया, वेष्टन, वाहतूक, साठवण किंवा पर्यावरण यांच्या योगे ते अन्नात आलेले असले की ते ‘कंटॅमिनंट’. म्हणजे कायद्याने हेतूचा प्रश्न बाजूस ठेवून मार्गाचा प्रश्न पुढे आणला.

याच व्याख्येत कीटकांचे अवशेष, उंदराचे केस व तत्सम बाह्य द्रव्ये वगळलेली आहेत. त्यांचा विचार कायदा निराळ्या सदराखाली करतो. कापसात मात्र केस हा ‘कंटॅमिनेशन’चा नित्याचा नमुना होय. केस दोन्ही ठिकाणी केसच असतो. परंतु एका क्षेत्राची संज्ञा त्यास सामावून घेते आणि दुसऱ्याची वगळते. यावरून असे दिसते की, हा शब्द वस्तूचा वाचक नसून संबंधाचा वाचक आहे. एखादे द्रव्य स्वतः दूषित नसते. कोणत्या वस्तूच्या संदर्भात ते अस्थानी आहे, यावर त्याचे नाव ठरते. सरकी तेलघाण्यात माल आहे आणि रुईत दोष आहे. किरणोत्साराच्या शास्त्रातही हेच तत्त्व पाळतात. वस्तूवर किरण पडले म्हणून ती ‘कंटॅमिनेटेड’ होत नाही. किरणोत्सारी द्रव्याचा कण तिच्यावर वा तिच्यात राहिला, तरच तो शब्द लागू पडतो.

५. पाणी आणि विटाळ

पाण्याच्या बाबतीत शब्दाची निवड केवळ सोयीची राहत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलीटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये, आणि नायट्रेटचे प्रमाण लीटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. ही मोजता येणारी, तपासून खोडता येणारी विधाने आहेत. खडकातील फ्लोराइड विरघळून भूजलात उतरले, तर तेथे कोणी मनुष्य कर्ताच नसतो. तरीही पाणी सदोष असते.

याच्या शेजारी महाडचा प्रसंग ठेवावा. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातनी मंडळींनी पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. तळ्यात कोणतेही द्रव्य आलेले नव्हते. पाण्याच्या गुणधर्मात रतिमात्र फरक पडलेला नव्हता. उलट शुद्धीच्या नावाखाली जे ओतले गेले, तेच शास्त्राच्या अर्थाने ‘कंटॅमिनेशन’ होते. विटाळ द्रव्यातून येत नाही, व्यक्तीच्या जन्मातून येतो असे मानले जाते. तो मोजता येत नाही, म्हणून खोडताही येत नाही. याच शब्दाने स्त्रीच्या मासिक धर्माचाही निर्देश होतो. ज्या वेचणीत स्त्रियांचे हातच मुख्यत्वे राबतात, त्या वेचणीतील केसाच्या वा धाग्याच्या दोषाची चर्चा करताना या शब्दाची सावलीही पडू देणे अनुचित होय. मूळ अर्थाची जवळीक येथे सर्वांत घातक ठरते.

६. पाठ आणि भाषा

ग्रंथांच्या पाठचिकित्सेत या संज्ञेचा अर्थ ठराविक आहे. एका मूळ प्रतीवरून नक्कल करणाऱ्याने दुसऱ्या परंपरेतील प्रत शेजारी ठेवून तिच्यातील पाठ घेतले, की दोन वंश मिसळतात आणि प्रतींची वंशावळ लावणे कठीण होते. वि. सी. सुकथनकरांनी महाभारताच्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीस (१९३३) जोडलेल्या प्रस्तावनेत या अडचणीचा विस्ताराने विचार केला आहे. येथेही हेतू दुष्ट नसतो. अनेक प्रती जुळवून पाहणारा लेखक आळशी नसून अधिक दक्ष असतो. त्याच्या दक्षतेतूनच मिश्रण घडते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (१५८४) ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेही पाठांतरांमुळे शिरलेल्या अबद्धतेच्या जाणिवेतूनच. अशा ठिकाणी ‘भ्रष्ट पाठ’ हा सरधोपट शब्द टाळून ‘पाठसंकर’ म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

भाषाशास्त्रात दोन समानार्थी रूपांच्या मिश्रणाने तिसरे रूप होणे, यास ही संज्ञा लावतात. ‘इर्रिस्पेक्टिव्ह’ आणि ‘रिगार्डलेस’ यांतून झालेले ‘इर्रिगार्डलेस’ हे त्याचे परिचित इंग्रजी उदाहरण. परंतु तिचा विस्तार संपूर्ण बोलीपर्यंत करता येत नाही. अहिराणीत ‘मना’, ‘तुना’ अशी षष्ठीची रूपे आहेत व ती गुजरातीतील नकारयुक्त प्रत्ययाची आठवण देतात. अन्य काही विशेष मराठीशी जुळतात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीचा विचार भिल्ली भाषांसमवेत (१९०७) केलेला आहे. या वर्गीकरणाविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु अहिराणी ही मराठी व गुजराती यांची ‘भेसळ’ होय, हे विधान वर्गीकरण नव्हे, निंदा आहे. भेसळीस आधी शुद्ध माल आणि मागाहून लबाडी गृहीत धरावी लागते. शेजारच्या भाषांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध राखून घडलेल्या बोलीस या दोन्ही गोष्टी लागू पडत नाहीत.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘कंटॅमिनेशन’साठी सर्वत्र चालणारा एकच प्रतिशब्द शोधणे इष्ट नाही, तीन प्रश्न विचारून शब्द निवडावा. द्रव्य वस्तूच्या अंगचे की बाहेरचे? ते हेतुतः आले की नकळत? त्याचे अस्तित्व मोजता येते काय? लाभासाठी हेतुतः मिसळले असेल, तेथेच ‘भेसळ’ म्हणावे. सजीवास रोगजंतूची बाधा झाली असेल, तेथे ‘लागण’ वा ‘संसर्ग’. अपाय सिद्ध झाला असेल, तेथे ‘प्रदूषण’. परके द्रव्य नकळत आले असून अपायाचा प्रश्न अद्याप खुला असेल, तेथे सामान्य पारिभाषिक शब्द म्हणून ‘संदूषण’ चालेल. त्याच्या धातूत दोषाचा अर्थ असला तरी ‘दूषण देणे’ या वाक्प्रचाराची छाया त्यावर तितकी पडत नाही. कापसाच्या व्यवहारात तर ‘परद्रव्य’ हा साधा शब्द पुरेसा आहे. ‘कापसात परद्रव्य आढळले’ या वाक्यात घटना आहे, आरोप नाही. आणि ते द्रव्य कोणत्या वाटेने आले, हा पुढचा प्रश्न विचारण्यास वाव आहे.

‘विटाळ’ मात्र या यादीत कोठेही बसत नाही. त्याचे स्थान समाजाच्या इतिहासात आहे; प्रयोगशाळेच्या अहवालात किंवा बाजाराच्या पावतीवर नाही.